अप्पांच्या छातीतली भरती

पोळा झाला त्या आठवड्यात अप्पांच्या छातीत समुद्र आला.

विजयमालाला ते आधी बनियनवरून कळलं. धुवायला टाकलेल्या बनियनवर मिठाच्या पांढऱ्या रेघा होत्या, एकीखाली एक, तळ्याचं पाणी उतरताना काठावर राहतात तशा. घामाच्या असतील म्हणून तिने त्या चोळून काढल्या. मग वाकळेत वाळू निघाली. तिने वाकळ अंगणात झटकली, पुन्हा अंथरली, आणि संध्याकाळी पुन्हा झटकली. शेवटी तिने अप्पांच्या छातीला कान लावला. लाट येत होती, फुटत होती, मागे जात होती.

"कधीपासून हाय हे?" तिने विचारलं.

"हाय झालं," अप्पा म्हणाले. "तुला उगं ताप कशाला."

अप्पांनी सारी नोकरी सेलू, पाथरी, जिंतूर अशा गाड्यांवर कंडक्टर म्हणून काढली होती. समुद्र त्यांनी पाहिला नव्हता. सेलूपासून तो फार लांब आहे. नवरा गेल्यावर विजयमाला माहेरी परत आली, तेव्हापासून बापलेक दोघंच घरात होते. पुढच्या खोलीत ती साड्यांना फॉल-पिको करायची, मागच्या खोलीत अप्पा पडून असायचे. आता ती मशीनवरून उठायची, वाळू झाडायची, पुन्हा मशीनवर बसायची. वाळू पोत्यात भरून ठेवली तेव्हा शेजारच्या पद्मीणबाईंनी चिमूटभर घेऊन जिभेला लावून पाहिली.

"खारी हाय गं," त्या म्हणाल्या. "बांधकामाला चालायची नाही."

डॉक्टरांनी नळी लावली, डोळे मिटले आणि बराच वेळ ऐकत राहिले. बाहेर पेशंट खोकत होते. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर एक प्रकारची सुट्टी आल्यासारखी दिसली.

"लाटा आहेत," ते म्हणाले. मग त्यांनी फोटो काढायला लावला. फोटोत या बरगडीपासून त्या बरगडीपर्यंत सरळ आडवी रेघ होती आणि तिच्यावर काहीच नव्हतं. "हे क्षितिज. अजून खाली आहे ते बरं आहे."

"वर आलं तर?"

"येऊ देऊ नका."

"ते कसं?"

"ते समुद्राच्या माणसाला विचारावं लागेल, ताई. आम्ही इथे कोरड्या छात्या बघतो."

सेलूत समुद्राचा माणूस कुठून आणायचा? तिने भाऊ श्रीकांतला फोन केला. तो चाकणला कंपनीत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, तुला योग्य वाटेल ते कर." असं म्हणणाऱ्यांमुळेच विजयमाला जास्त दमत असे.

मग तिने फोनवर एक गट शोधला. छातीत, पोटात, सांध्यांत काही आलेल्यांचा तो गट होता. त्यात एका बाईच्या गुडघ्यात बर्फ होता, तो उन्हाळ्यातही वितळत नव्हता. एका गृहस्थांच्या कानात आठवडी बाजार भरायचा. विजयमालाने लिहिलं, "वडिलांच्या छातीत समुद्र आला आहे. वय झालेले. गाव सेलू. काय करावे?"

तासाभरात उत्तरांचा ढीग पडला. कोणी तुरटी फिरवा म्हणालं. कोणी तांब्याच्या भांड्यातलं पाणी. कोणी हात जोडले. एकाने मासे लागतात का ते विचारलं. प्रत्येक जण ठाम होता आणि कोणाचंच दुसऱ्याशी जुळत नव्हतं. तिने तुरटी फिरवली. अप्पांना गुदगुल्या झाल्या, बाकी काही झालं नाही. ती फोन ठेवून देणार होती, तेवढ्यात शेवटी एक ओळ आली. लिहिणाऱ्याने आपलं नाव 'तांडेल' ठेवलं होतं. फोटोच्या जागी रिकामा आकाशी रंग होता.

"कोणता समुद्र? चव सांगा."

ती मागच्या खोलीत गेली आणि अप्पांच्या बनियनची कड तिने जिभेला लावली.

"खारट," तिने लिहिलं.

"सगळेच खारट. मागाहून काय लागतं?"

तिने पुन्हा चाटलं. "मागाहून कडू."

"मग आपलाच आहे. पश्चिमेचा. आता ऐका. भरतीला त्यांना निजवू नका. बसवा, तोंड पश्चिमेला. ओहोटीला झोपू द्या. भरती कधी ते मी रोज कळवीन."

पश्चिमेला कपाट होतं. तिने पलंग फिरवला आणि दुपारी अप्पांना उशांना टेकवून कपाटाकडे तोंड करून बसवलं. छातीतला आवाज वाढत गेला, गळ्यापर्यंत आला, तिथे थांबला आणि मग हळूहळू उतरला. अप्पांचा श्वास मोकळा झाला. ते झोपले. पोळ्यापासून पहिल्यांदाच विजयमालाही झोपली, मशीनवर डोकं टेकून, गालाखाली कोणाची तरी मोरपंखी साडी घेऊन.

त्यानंतर तांडेल रोज लिहू लागला. सकाळी भरतीची वेळ यायची. पंचमी-षष्ठीनंतर तो लिहायचा, "आता भांगाची भरती. जोर नसतो. तुम्हीही जरा पडा." अमावास्येला लिहायचा, "उधाण आहे. आज त्यांना एकटं सोडू नका." त्याचं एकही सांगणं चुकलं नाही. त्याने काही विकायला आणलं नाही, कुठे पैसे पाठवा म्हटलं नाही. फक्त रोजच्या निरोपाच्या शेवटी एक प्रश्न असायचा.

"आत काही दिसतं का ते विचारा त्यांना."

"काय दिसायला पाहिजे?" तिने एकदा विचारलं.

"काहीही."

श्रीकांतचा फोन आला तेव्हा तिने तांडेलचं सांगितलं. तो चिडला नाही, पण त्याचा आवाज बारीक झाला.

"कोण आहे तो? नाव काय?"

"तांडेल."

"ते नाव नाही, ताई. होडीच्या म्होरक्याला म्हणतात तसं. खरं नाव? गाव? कशावरून त्याला काही कळतं? फोनवर कोणीही कोणीही होतं."

"भरतीची वेळ बरोबर येते."

"ती तर पंचांगातपण मिळंल."

"मिळंल. पण पंचांग मला पड जरा म्हणत नाही," विजयमाला म्हणाली.

श्रीकांतने विषय सोडला. मग म्हणाला, रजा मिळाली की येतो.

दिवाळीच्या सुमारास समुद्र वाढला. दुसऱ्या फोटोत रेघ वर सरकलेली होती. मागच्या खोलीच्या भिंतींना ओल आली आणि त्या ओलीवर शंखांची बारकी बारकी नक्षी उमटली. मशीनच्या सुया डब्यातल्या डब्यात गंजू लागल्या. गिऱ्हाइकं साड्या हुंगून बघायची आणि काही न बोलता परत न्यायची. अंगणातला हापसा खारा झाला. गल्लीतले लोक तिच्या दारावरून जाताना पायजमे जरा वर धरून चालायला लागले, जमीन कोरडी असली तरी. आणि खोली अरुंद होत गेली. पलंग आणि कपाट यांच्यातून पूर्वी ती सरळ जायची, आता तिला आडवं होऊन जावं लागे.

अप्पांचं बोलणं कमी झालं. ते सारखे कपाटाकडे बघत असत. एक दिवस ती त्यांना पेज भरवत होती, तेव्हा ते हात वर करून म्हणाले, "थांब. जरा वेळ बोलू नको."

"काय झालं?"

"एक जण हाय तिथं. होडीत. वल्हवायलाय."

"कुठं?"

अप्पांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "लै लांब हाय. तांबडा सदरा दिसतोय. हाका मारायलाय कोणाला तरी. वाऱ्यात जातंय त्याचं."

विजयमालाने पेजेची वाटी खाली ठेवली आणि फोन घेतला. तिने तांडेलला लिहिलं की आत एक होडी आहे, तिच्यात एक माणूस आहे, तांबड्या सदऱ्याचा.

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीची भरतीची वेळही आली नाही. ती तिने अंदाजाने धरली, आणि तो अंदाज चुकल्याने अप्पा निजलेले असतानाच पाणी चढलं. तिने त्यांना ओढून बसवेपर्यंत त्यांच्या नाकातून खारं पाणी आलं, त्यात एक चिमुकली खेकडी होती. ती उशीवरून तिरकी चालत गेली आणि भिंतीच्या भेगेत शिरली. अप्पांची पाठ चोळता चोळता विजयमालाच्या लक्षात आलं की इतके दिवस आपण एका रिकाम्या आकाशी रंगाच्या भरवशावर या माणसाचा श्वास चालवत होतो.

संध्याकाळी उत्तर आलं.

"सदरा निळा होता," तांडेलने लिहिलं होतं. "पण पाण्यात रंग फिरतो."

मग त्याने थोडक्यात लिहिलं. त्याचा मुलगा होता, जयवंत. एकटाच होडी घेऊन गेला, परत आला नाही. सगळे किनारे बघून झाले. मग कोणीतरी सांगितलं, समुद्र हल्ली माणसांतही जातात. तेव्हापासून तांडेल अशा गटांत बसतो. ज्याच्या छातीत पाणी असेल त्याला विचारतो, चव काय, आत काही दिसतं का.

विजयमालाने ते दोनदा वाचलं. तिला त्याची दया आली आणि त्याच वेळी त्याच्या सांगण्यावरचा तिचा भरवसाही हलला. त्याच गटात एक निवृत्त अभियंते होते. त्यांनी खाडीकाठी बांध घालण्यात आयुष्य काढलं होतं आणि आपल्या नावापुढे ते 'खारभूमी' असं लिहायचे. त्यांनी तिला आधीही एकदा लिहिलं होतं, पण तेव्हा तिने लक्ष दिलं नव्हतं. आता तिने त्यांनाच विचारलं.

"उधाणाआधी उघाडी काढा," त्यांनी लिहिलं. "उघाडी म्हणजे बांधातलं दार. ते फक्त बाहेरच्या बाजूला उघडतं. डाव्या बरगडीखाली बघा, जुना जोड सापडेल. पूर्ण ओहोटीला उघडा. समुद्र एका दमात निघून जाईल."

"असं आधी केलंय तुम्ही?"

"माणसावर नाही. जमिनीवर केलंय."

"माणसावर चालेल कशावरून?"

"पाणी तेच असतं, बाई. मात्र भरतीला उघडू नका. घर जाईल."

"आन आत होडी असली तर?"

"होडी तळाला बसेल," खारभूमींनी लिहिलं. "पाणी गेल्यावर सगळंच तळाला बसतं."

तिने अप्पांची बनियन वर केली. डाव्या बरगडीखाली खरोखरच एक शिवण होती, बारीक धावदोऱ्याची, जुन्या हाताची. इतकी वर्षं अप्पांना आंघोळीला पाणी काढून दिलं, पाठ चोळून दिली, पण ती कधी दिसली नव्हती. तिने खडूने तिच्या दोन्ही टोकांना खूण केली आणि बनियन खाली ओढली.

मग तिने पुढच्या खोलीत बसून तांडेलला लिहिलं. लिहायला तिला बराच वेळ लागला.

"तुम्ही सांगितलं म्हणून मी अप्पांना बसवत आले. त्यामुळे ते वाचले. पण त्यामुळेच समुद्रही आत राहिला. ते सांगणं अप्पांसाठी होतं का तुमच्या जयवंतसाठी?"

तो लिहीत असल्याचं दिसत होतं. मग थांबला. मग पुन्हा लिहू लागला. मशीनवर अर्धवट पिको केलेली साडी होती, तिचं टोक विजयमाला बोटांना गुंडाळत आणि सोडत राहिली.

"दोघांना एकच सल्ला लागू होता," तांडेलने लिहिलं. "म्हणून दिला. वेगळा असता तर काय केलं असतं ते माहीत नाही."

"आता वेगळा झालाय."

"हो."

"मग सांगा."

या वेळी तो लिहीत असल्याचं फार वेळ दिसत राहिलं. चुलीवरचं पाणी उकळून आटलं. शेवटी दोनच ओळी आल्या.

"खारभूमी साहेब सांगतात ते बरोबर आहे. उद्या उधाण आहे, त्याच्या आधीच्या ओहोटीला उघाडी काढा."

आणि त्याखाली करड्या अक्षरांत आलं, तांडेल यांनी गट सोडला.

तिने त्याच्या नंबरावर फोन लावला. तो लागला नाही.

विजयमालाला वाटलं होतं की खरं सांगणारा कोण हे एकदा कळलं की डोक्यावरचं ओझं उतरेल. आता ते कळलं होतं. दोघंही खरं बोलत होते, आणि ती होती तिथेच होती, बोटाला साडीचं टोक गुंडाळून. तिने तोंडावर हापशाचं खारं पाणी मारलं आणि ती आत गेली.

सकाळी ओहोटी होती. बनियनखालचा आवाज दूर गेला होता, कोणी लांबच्या खोलीत धान्य पाखडावं तसा येत होता. तिने ब्लेड उकळत्या पाण्यातून काढून घेतलं, घमेलं आणि जुनी लुगडी पलंगाखाली पसरली आणि अप्पांना सगळं नीट सांगितलं. कोण काय म्हणतं, का म्हणतं, कोण गेलं. अप्पा ऐकत होते.

"म्हंजी पाणी काढायचं," ते म्हणाले.

"हो. आत्ता. दुपारी लै चढंल."

"आन तो?"

"कोण?"

"तो होडीवाला. कालपासून बराच जवळ आलाय. मिशा दिसायल्या आता."

तिने बनियन वर केली आणि खडूच्या खुणेवर अंगठा ठेवला. अप्पांनी तिचं मनगट धरलं. हाताला जोर नव्हता, पण त्यांनी सोडलं नाही.

"मागून माणूस पळत यायलाय," ते म्हणाले, "आन मी गाडी सोडू म्हणतीस?"

"अप्पा, तो आपला कोणी नाही."

"गाडीत कोण आपलं असतंय?"

"तुम्ही जाल यात. घर जाईल. मला पोहता येत नाही, तुम्हालाबी येत नाही. त्याचा बाप स्वतः म्हणाला, काढा."

"बाप शहाणा हाय," अप्पा म्हणाले. "त्याला आपलं सांगता आलं नाही, म्हणून तुझं सांगितलं. तू थांब दुपारपर्यंत."

दमलेल्या माणसाला भांडायलाही बळ लागतं. तेवढं तिच्यात उरलं नव्हतं. पण फक्त त्यामुळे ती थांबली असं तिला नंतरही वाटलं नाही. तिने ब्लेड फडक्यात गुंडाळून ठेवलं. कपाट ओढून पुढच्या खोलीत नेलं आणि पलंग भिंतीला भिडवला, तरी खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. ती पलंगावरच अप्पांच्या पाठीशी बसली, त्यांना आपल्या अंगावर टेकवून, तोंड पश्चिमेच्या भिंतीकडे. श्रीकांतचा फोन आला. रजा मिळाली होती, तो निघाला होता.

"त्या लोकांचं काही ऐकू नको, ताई, मी येईपर्यंत."

"नाही ऐकत," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

दुपार झाली तशी भरती चढायला लागली. आधी अप्पांचं पोट, मग छाती, मग खांदे हलू लागले. भिंतीवरचे शंख उघडले. अप्पांच्या पाठीतून तिच्या छातीत प्रत्येक लाट आपटत होती, आणि लाटांच्या मधे आता दुसराही आवाज होता, लाकडावर लाकूड घासल्याचा. अप्पांचे ओठ निळे पडत होते. गळ्याशी आलेलं पाणी आज तिथे थांबलं नाही.

"आला," अप्पा म्हणाले. त्यांच्या तोंडातून पाणी सांडलं. "आता."

विजयमालाने डाव्या हाताने त्यांना धरून ठेवलं, उजव्या हाताने ब्लेड घेतलं आणि शिवण उसवली. टाके एकामागून एक सुटले, जुने होते. पाणी बाहेर फेकलं गेलं. पलंग भिजला. दाराशी गेलं. उंबऱ्यावरून पुढच्या खोलीत गेलं, मशीनच्या पायडलपर्यंत, आणि चढत राहिलं. अप्पांचं डोकं तिच्या खांद्यावर होतं. ते श्वास घेत होते की लाट, ते कळत नव्हतं.

तिने त्या फटीशी तोंड नेलं आणि हाक मारली, "जयवंत."

घासणं थांबलं.

"जयवंत, इकडं. हात द्या."

तिने हात आत घातला. पाणी थंड होतं, सेलूत कधीच इतकं थंड पाणी नसतं. मनगट गेलं, कोपर गेलं, खांद्यापर्यंत हात गेला तरी कशाला लागला नाही. बोटं पसरून ती तशीच राहिली. गाल अप्पांच्या ओल्या बरगडीला टेकलेला होता, आणि खोलीतलं पाणी तिच्या कमरेला लागलं होतं. मग आतून एक हात आला, खरखरीत, घट्टे पडलेला, आणि त्याने तिचं मनगट पकडलं. तिने पाय पलंगाच्या कडेला रोवले. हात ओढत होता. तो वर यायलाय की तिला खाली न्यायलाय, ते तिला कळेना, आणि तिने पकड घट्ट केली.